रिकाम्या ताटाशेजारी

मी सलाईनचा स्टँड. लोखंडी पाइप, वर दोन आकडे, खाली चाकं. घाटकोपरच्या एका सर्जिकल दुकानातून मी भाड्याने जातो. माणसं मला नाइलाजाने घरी नेतात आणि परत करताना माझ्याकडे बघतही नाहीत. तक्रार नाही. दमलोय, एवढंच.

सत्त्याऐंशी साली मला नाहूरला सुलक्षणाबाईंकडे नेलं. त्यांचे यजमान जयवंत भांडुपच्या एका कारखान्यात फिटर होते, मूळचे मालवणकडचे. आतड्याला पीळ पडला आणि डॉक्टरांना बरंचसं आतडं कापून काढावं लागलं. तोंडाने खाल्लेलं अंगी लागेना. मग छातीजवळ नळी बसवून त्यांना घरी पाठवलं. साखर, प्रोटीन, क्षार, सगळं बाटलीतून थेट रक्तात जाणार. खर्च कारखाना देणार होता. कारखान्याने हात वर केले, तर बाटल्या बंद. आणि बाटल्या बंद झाल्या तर पुढे काय, ते डॉक्टरांनी सुलक्षणाबाईंना स्पष्ट सांगितलं होतं.

बाटली लावायचं त्या इस्पितळात शिकून आल्या होत्या. नखं कापलेली, हात साबणाने कोपरापर्यंत धुतलेले, मग स्पिरिट. घरात बांगडे आणलेले असले तरी आधी बाटली, मग मासे. जयवंतांना एकट्याने पडून राहणं सोसत नसे. म्हणून दुपारी पानं मांडली की बाटली सुरू करायची, अशी रीत पडली. जयवंत भिंतीला टेकून सगळ्यांत बसत. पुढ्यात रिकामं ताट, शेजारी मी.

"आज तिरफळा जास्त पडली गो," ते कालवणाच्या वासावरूनच सांगत.

"बाबा, न जेवता नावं ठेवू नका ना," मुलगी प्रेमा म्हणे.

कारखान्यातून शिवदास नावाचे कारकून चौकशीला आले, ते नेमके जेवणाच्या वेळी.

"ह्यांचा जेवाण चालू आसा, तुमी पण बसा," सुलक्षणाबाई म्हणाल्या. दारात आलेल्याला तसंच धाडायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात.

शिवदास बसले. दोनदा भात मागून घेतला. माणूस वाईट नव्हता. पण प्रत्येक बिलावर त्यांना एक आकडा घालावा लागे. चार म्हणजे औषध, सात म्हणजे आहार. आहाराचे पैसे कारखाना देत नसे. पुढच्या आठवड्यात सगळी बिलं सातचा आकडा घेऊन परत आली.

सुलक्षणाबाई कारखान्यात जाऊन आल्या. पिशवी खाली ठेवत जयवंतांना म्हणाल्या, "शिवदास म्हणता, वैनी, तुम्हीच बोललात जेवण म्हणून, मी साहेबांना काय सांगू? परत बघूक येतलो. तेव्हा बाटली खाटेवर लावलेली दिसूक होयी."

घरात थोड्याच बाटल्या उरल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून जयवंत खाटेवर, मी उशाशी. बाकीच्यांचं जेवण आत, दार लोटून. भांडीसुद्धा दबकत वाजायची.

शिवदास परत आले. "काय चाललंय?" त्यांनी विचारलं.

"औषध," सुलक्षणाबाई म्हणाल्या. जयवंतांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बिलांवर चार आला. बाटल्या येत राहिल्या. पण पुन्हा कोणी बघायला आलं तर, या धास्तीने आतलं दार लोटलेलंच राहिलं. जयवंतांच्या अंगावर मांस चढत होतं आणि तोंडून शब्द निघेनासा झाला होता. माणसाला असं जगताना मी पुष्कळ घरांत पाहिलंय. पाहून पाहूनच थकवा येतो.

एका दुपारी ते उठले. मला धरलं आणि ढकलत आत निघाले. उंबऱ्यावरून लेकीने मला उचलून घेतलं.

"अहो, कोण इलो तर?" सुलक्षणाबाई दचकून म्हणाल्या.

"इलो तर इलो. माझा पान मांड."

त्यांनी ताट मांडलं. मग उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि दाराला कडी लावून आल्या. भरदुपारी, जेवायच्या वेळी. त्या घरात असं कधी झालं नव्हतं. जेवताना त्या कोणाकडे बघत नव्हत्या. जयवंत मात्र वास घेत म्हणाले, "मीठ कमी आसा."

पुढल्या वर्षी दुसरा स्टँड विकत घेऊन त्यांनी मला परत केलं. आता माझे सांधे गंजलेत, दुकानात कोपऱ्यात उभा असतो. उद्या तुमच्याकडे यायची पाळी आली, तर मला खाटेशी नको, पानांशेजारी उभं करा. आणि दार उघडं ठेवून जेवता आलं, तर तेवढं बघा.