एक मात्रा आधी

अल्फ ऑर्मरॉड आमच्या हॅलिफॅक्सचा, गालिच्यांच्या गिरणीत राबणाऱ्या बापाचा मुलगा. विशीत जहाजावरच्या बँडमध्ये ड्रम वाजवत न्यूयॉर्कला गेला आणि तिथलाच झाला. इंग्रजांना जॅझ काय कळणार, असं तोंडावर सांगणाऱ्या शहरात तो आयुष्यभर टिकला, ही काही खायची गोष्ट नाही. तबकड्यांच्या पाकिटावर त्याचं नाव मागे, मुंगीएवढ्या अक्षरात असायचं. आम्ही पबमध्ये ते भिंगाने वाचून अशी फुशारकी मारायचो की जणू आम्हीच वाजवलंय.

बायको गेल्यावर तो परत आला. हाताला कंप सुटला होता. कप ठेवताना बशी खुळखुळायची, म्हणून त्याने बशी घेणंच सोडलं होतं.

मग लंडनहून बोलावणं आलं. त्याच्या नावाची तबकडी निघणार होती, नाव पुढच्या बाजूला आणि मोठ्या अक्षरात.

"रविवारी पबमध्ये तुमच्या बँडात वाजवायला बसतो," तो मला म्हणाला. "जमलं तर लंडनला हो. नाहीतर नाही."

"जमेल रे, न जमायला काय झालं?"

"तू बास वाजवतोस पर्सी. तुझं मत कोण विचारतंय?"

रविवारी जेवणं उरकून लोक पबमध्ये जमले. पियानोवर नोरा टॅटर्सल, सॅक्सोफोनवर कथबर्ट, माणसाएवढ्या उंच, जाड तारांच्या बासवर मी. आमचा नेहमीचा ड्रमवाला होरेस पोस्टमन आहे आणि दार ठोठावल्यासारखेच ड्रम ठोकतो. त्या दिवशी तो अदबीने उठला आणि त्याने अल्फला जागा दिली.

पहिली दोन गाणी त्याने सुरेख वाजवली. इतकी वर्षं मी बास ओढतोय, पण माझ्या पाठीशी असा ठेका कधी कुणी धरला नव्हता. मला वाटलं, आता आपण मेलो तरी चालेल.

तिसऱ्या गाण्यात देवाणघेवाण सुरू झाली. चार आवर्तनं आम्ही वाजवायची, चार त्याने एकट्याने, आणि मग समेवर सगळ्यांनी एकत्र यायचं. त्याच्या दुसऱ्या पाळीत उजवा हात अडखळला. एक मात्रा गळाली. तो समेवर एक मात्रा आधीच येणार, हे मला ऐकूच आलं.

नोराने मान वर करून आमच्याकडे पाहिलं. बस, तेवढंच. त्याची मोठी झांज वाजली तेव्हा आम्ही तिघंही तिथेच होतो, आमची सम सोडून त्याच्या समेवर. समोरच्यांना काही कळलं नाही. त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, एका बाईने तर डोळे पुसले.

गाणं संपलं. अल्फने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"कोण सरकलं?" त्याने हळूच विचारलं.

"कुणी नाही," नोरा म्हणाली. "चुकलो ते आम्हीच."

"तिघंही? एकदम? एकाच मात्रेने?"

कथबर्ट उगाच आपला सॅक्सोफोन पुसत बसला.

"अरे बाबा, लोक खूश आहेत," मी म्हणालो. "बीअर घे आणि गप्प बस."

तो हसला. चिडला असता तर बरं झालं असतं.

"न्यूयॉर्कला पहिल्याच आठवड्यात मी असाच घसरलो होतो," तो म्हणाला. "एकही जण सरकला नाही. सगळे आपापल्या जागी खिळ्यासारखे उभे आणि मी एकटा भलतीकडे, गाणं संपेपर्यंत. लोक हसले. मी रडत खोलीवर गेलो."

"नालायक होते," नोरा म्हणाली.

"नाही गं. त्यांना वाटत होतं, हा सुधारेल."

आम्ही मायेने केलं होतं, आणि तो आता सुधारणार नाही, हे मायेनेच त्याला सांगून टाकलं होतं.

तो उठला, काठ्या होरेसच्या हातात दिल्या आणि बारजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. होरेसने मोजून गाणं उचललं, नेहमीसारखं धाडधाड. पहिल्याच आवर्तनात त्याचा ठेका सुटला. सवयीने मी त्याच्याकडे सरकणार, तोच बारकडे नजर गेली. अल्फ डोळे मिटून बोटांनी टेबलावर खरी मात्रा धरून होता.

मी जागचा हललो नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि होरेसला वाटलं मी त्याच्यावर रागावलोय.