पाचला दहा कमी

मी एक जुनं लंबकाचं घड्याळ आहे. सागवानी पेटी, पितळी लंबक, सेकंदाला दोन ठोके. मित्रांनो, मला घडवणाऱ्या कारागिराने एकवीस दिवस माझी परीक्षा घेतली. फरक निघाला अवघा चार सेकंदांचा! मग एका सरकारी विश्रामगृहाच्या जेवणघरात मला टांगलं.

तिथे मोठमोठ्या कारखानदार देशांचे पाहुणे यायचे. बैठक म्हणायचं नाही, 'चहाला या' म्हणायचं. फाइल नाही, टिपण नाही. साखर ढवळता ढवळता आमच्या मालावरचा कर ठरायचा.

माझी देखभाल शिपाईबुवा करत. दर सोमवारी चावी देत, मऊ फडक्याने काच पुसत. त्यांची लेक कपडे शिवण्याच्या कारखान्यात होती. एका दुपारी बोलणी अडली. पाचच्या आत जमलं नाही, तर पाहुण्यांच्या देशात आमच्या कपड्यांवर दुप्पट कर बसणार होता आणि लेकीच्या कारखान्याला टाळं लागणार होतं.

पाचला दहा कमी असताना आमच्या बाजूने बोलणी करणाऱ्या सचिवबाई हळूच म्हणाल्या, "बुवा, ते घड्याळ थांबवा. त्यात पाच वाजले नाहीत, तर कुणाचेच वाजले नाहीत."

"कुठवर, बाईसाहेब?"

"जमेपर्यंत. जमलं की मी येऊन सांगते."

पाहुण्यांनी पाहिलं आणि नजर कपाकडे वळवली.

बुवांनी लंबकावर बोट टेकवलं. बोट काढलं असतं तरी मी थांबलेलाच राहिलो असतो, पण त्यांना भरवसा नव्हता. मंडळी पाय मोकळे करायला बागेत गेली. खानसामा कपबशा उचलायला आला.

"काय बुवा, काळाची मानगूट धरलीत की काय?"

"हसू नकोस रे. पोरीची नोकरी लटकलीय याला."

बागेतच जमलं. हात मिळाले, गाड्या सुटल्या. कागद नव्हता, म्हणून घोषणा नव्हती. बाई परत आल्याच नाहीत.

रात्र झाली तरी ते बोट लंबकावरच होतं. आधी जड झालं, मग पहाटे गार पडलं.

सकाळी कारखान्याला टाळं लागलेलं नव्हतं. "आबा, कारखाना वाचला!" म्हणत लेक धावत आली. आबा माझ्याखाली भिंतीला टेकून बसले होते. हात तेवढा अजून वर होता, लंबकाकडे.

त्यानंतर मला कितीदा चावी दिली. मी नीट चालतो. पण रोज दुपारी, पाचला दहा कमी झाले, की लंबकावर एक गार बोट टेकतं आणि मी थांबतो. घड्याळजीने मला दोनदा उघडलं. "बिघाड काहीच नाही," म्हणाला, आणि पैसे न घेताच गेला. आता मी अडगळीच्या खोलीत आहे. कोळीसुद्धा माझ्या लंबकाजवळ जाळं विणत नाही.

मित्रांनो, मला तेल नको, पॉलिश नको. कुणाला थांबायला सांगितलंत, तर काम झाल्यावर परत जाऊन तेवढं सांगत जा. आणि कधी या खोलीत आलात, तर दारातूनच, पण जरा मोठ्याने म्हणा, "बुवा, जमलं हो. सोडा आता."