माझ्या केबिनमधली डावी जागा

मित्रांनो, पाथर्डीबाहेर बाभळीखाली चाके नसलेला एक जुना ट्रक उभा आहे, तो मी. माझ्या काचेवरच्या फटीत एक पत्र हंगामभर खोचलेले होते. त्याला उत्तर गेले नव्हते. आजही पहिली आठवण येते ती त्याचीच.

माझा सांगाडा कारखान्यात तयार झाला, हौदा नगरच्या सुतारांनी बांधला. दारावर नाव मालकाचे असले, तरी मला हाकले आसारामांनी. दिवाळी झाली की मी ऊसतोडीची बिऱ्हाडे नेत असे. हौद्यात माणसे, भांडी, शेळ्या. केबिनमधली डावी जागा मात्र मानाची. तिथे घरचे माणूस बसे, नाहीतर सर्वांत म्हातारे. आसारामांचा कानिफनाथ तिथेच बसून मोठा झाला. पुढे शिकून तो प्रवासी विमानाचा सहवैमानिक झाला.

"आता त्याच्या केबिनीत मी बसनार," आसाराम चहाच्या टपरीवर सांगत. "पोराची गाडी हाय."

एकाहत्तर साली कानिफचे पत्र आले. 'दादा, पूर्वी कॅप्टनच्या परवानगीने कुणाला पुढे येता येई. विमाने पळवून नेण्याचे प्रकार झाल्यापासून सक्त मनाई आहे. बापालाही नाही. तुम्ही आणि आई मागे बसा. मी तिकिटे काढतो. कळवा.'

"बापाला मागं," आसाराम म्हणाले. "धोतराची लाज वाटत असंल त्याला."

शेजारी त्यांची बायको भागूबाई होती. "मागं तर मागं. इमान त्योच हाकनार न्हवं? लिवा की, येतो म्हनून."

"हंगाम उरकू दे."

टपरीवाले कारभारी रोज विचारत, "आसारामभाऊ, कवा बसताय पुढं?" तेव्हापासून आसारामांनी तिथला चहा सोडला.

त्याच हिवाळ्यात करंजीच्या घाटात केबिनमधल्या एका पाहुण्याचा पाय गिअरच्या दांड्याला लागला. मी कठड्याला घासलो. माणसे वाचली, पण मालकाने हुकूम दिला की चालक आणि क्लीनर सोडून पुढे कुणी बसायचे नाही. पुढच्या खेपेला भागूबाई सवयीने डाव्या दाराशी आली. अंगात कणकण होती.

आसाराम मान खाली घालून म्हणाले, "मागं बसावं लागंल. मालकाचा हुकूम हाय."

"मग त्यात काय? तुमी हाकताय, मी निवांत हाय," म्हणत ती हौद्यात चढली.

त्या दिवशी त्यांनी मला किती जपून हाकले, ते माझ्या ब्रेकला ठाऊक. घाट उतरल्यावर पत्राकडे बघून ते पुटपुटले, "पोराचंबी असंच झालं असंल."

तरी पत्र लिहिणे उद्यावर गेले. साखर कारखान्यावर भागूबाईचा ताप चढला, तो उतरलाच नाही. कानिफ दहाव्याला येऊन गेला. पत्र मात्र फटीतच खोचलेले राहिले.

मित्रांनो, मला कुणी धुतले-पुसले नाही तरी चालेल. पण कुणी 'कळवा' म्हणून लिहिले, तर कळवत जा.

हंगाम उरकून परतताना डाव्या जागेवर भागूबाईचे गाठोडे होते. नेवाशाच्या टपालपेटीशी आसारामांनी मला थांबवले आणि माझ्या स्टिअरिंगवर कार्ड ठेवून लिहिले, 'चि. कानिफ, मी येतो. मागं बसतो. तिकीट एकच काढ.'

मग खाली उतरून त्यांनी ते पेटीत टाकले.