म्हशीच्या पाठीवर

गिटार जोडायच्या आमच्या जुन्या अ‍ॅम्पला घरात सगळे म्हैस म्हणत. काळी, रुंद, आणि उचलायला गेलं की जागची हलायची नाही. आत काचेचे व्हॉल्व्ह होते. बटण दाबल्यावर ते तापेपर्यंत हात बांधून बसावं लागे. मग मात्र गिटारचा आवाज असा भरून यायचा की फडताळातल्या बशा थरथरायच्या.

दर शनिवारी दुपारी आम्ही तिघं एका नाचाच्या हॉलमध्ये वाजवतो. माझी गिटार, मेहुण्याचा ड्रम आणि लेकीचं गाणं. मेहुण्याला सगळे ठोक्याच म्हणतात. हॉल तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. येणारी माणसं बहुतेक माझ्याच वयाची. वर आल्यावर आधी बसतात, दम खातात, मग नाचतात. माझ्या कमरेने हात टेकल्यापासून म्हैस वर न्यायचं काम लेकीकडे आणि ठोक्याकडे आलं. मग लेकीचा खांदा दुखावला.

एका शनिवारी म्हैस खाली उतरवल्यावर लेक गाडीला टेकून उभी राहिली. उजवा दंड डाव्या हाताने धरलेला.

“बाबा, बस झालं. ही म्हैस मी आता वर नेणार नाही. लहान अ‍ॅम्प आणा, नाहीतर दुसरी गाणारी बघा.”

“लहान अ‍ॅम्पला आवाज नसतो गं.”

“आणि मला खांदा नाही.”

ती नसेल तर मी तरी कशाला तो जिना चढू?

दुरुस्तीच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाने व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणारे तीन लहान अ‍ॅम्प पारखायला दिले. एकेक असा की एका हातात घेऊन बाजाराला जावं. ठोक्या त्यांच्याकडे बघून म्हणाला, “दाजी, हे अ‍ॅम्प आहेत की जेवणाचे डबे?”

पारख मात्र त्यानेच नीट लावली. डोळ्यांनी बघितलं की कान फसतात, म्हणून माझ्या डोक्यावर टॉवेल टाकला. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो, म्हणून लेकीने एक सूर धरला आणि तिन्ही अ‍ॅम्प त्या सुराइतक्याच आवाजावर ठेवले. मी एकच चाल पुन्हा पुन्हा वाजवत राहिलो. लेक वायर बदलायची आणि अ‍ॅम्प म्हशीवर ठेवायची. आमच्याकडे चहाच्या कपापासून इस्त्रीपर्यंत सगळं म्हशीवरच ठेवतात.

पहिला चिरका निघाला. वरच्या तारा कानात सुईसारख्या टोचत होत्या. दुसरा हळू असताना गोड, पण जोरात छेडलं की एकदम फाटायचा. म्हैस फाटली तरी हळूहळू, आधी कुरकुर करून फाटायची. याचं तसं नाही, कापड टरकावं तसं. तिसरा कोरडा होता, पण त्याचा आवाज भरीव होता. खालची तार पोटात लागत होती.

“हाच,” मी टॉवेलमधूनच म्हणालो.

लेक हसली. कितीतरी दिवसांनी.

पुढच्या शनिवारी तिने तो एका हाताने वर नेला आणि स्टेजवरच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. मी पहिली तार छेडली आणि माझं तोंड उतरलं. पत्र्यावर चमचा आपटावा तसा आवाज. बटणं फिरवून पाहिली. काही उपयोग नाही. लेकीला खालच्या सुरांचा आधारच मिळेना, तिचा सूर दोनदा घसरला. नेहमी पहिल्याच गाण्याला उठणारं जोडपं उठलं, चार पावलं टाकून खाली बसलं.

मध्यंतरात त्यातल्या बाईंनी विचारलं, “आज गिटारला सर्दी झाली का हो?”

मी गिटार पायाशी ठेवली. लेक शेजारी येऊन बसली.

“पुढच्या वेळी म्हैस आणू, बाबा. मी पट्टा बांधीन खांद्याला.”

तिने नाही म्हटलं होतं तेव्हा मला इतकं लागलं नव्हतं.

“घरी चांगला वाजत होता ना हा?” मी म्हणालो.

ठोक्या लाकडाच्या रिकाम्या पेटीवर बसून ड्रम वाजवतो. त्याने खुर्चीवर बोट आपटलं, मग बुडाखालच्या पेटीवर आपटलं. मग कपाळावर हात मारला.

“घरी हा म्हशीवर बसला होता, दाजी! निम्मा आवाज तिच्या पोटातला!”

टॉवेल, सूर, सगळी काळजी घेतली होती आम्ही. खाली काय आहे ते कोणी बघितलंच नाही. ठोक्याने आपली पेटी अ‍ॅम्पखाली सरकवली. पेटी लहान, पण आवाजात जरा जीव आला. उरलेला कार्यक्रम त्याने उभ्याने वाजवला आणि नंतर दोन्ही गुडघ्यांच्या नावाने मला शिव्या घातल्या.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मी म्हशीची पाठ उघडली. मला कोणी सांगितलं नव्हतं. लेकीने तर पट्टा शोधून दारामागे टांगूनही ठेवला होता. व्हॉल्व्ह काढून एकेका जुन्या मोज्यात घातले. स्पीकर काढला. लोखंडी ट्रान्सफॉर्मर काढताना कमरेत कळ आली, म्हणून तो जमिनीवरून ढकलतच कोपऱ्यात नेला. उरला तो नुसता लाकडी खोका. त्यावर लहान अ‍ॅम्प ठेवला, तार छेडली. म्हशीसारखा नाही, पण पोटात लागला.

शनिवारी लेकीने खोका डाव्या हाताने उचलला.

“अगंबाई, किती वाळली ही!”

“चाऱ्याचा खर्च वाचला,” ठोक्या मागून धापा टाकत म्हणाला.

मी सगळ्यांच्या मागून वर पोचलो. लेकीने अ‍ॅम्प खोक्यावर ठेवून वायर लावली होती. मी बटण दाबलं आणि सवयीने हात बांधून बसलो. ते जोडपं उठून उभंच होतं.

“बाबा,” लेक हळूच म्हणाली, “हा तापत नाही. वाजवा.”