उन्हं चढल्यावर विणलेली टोपी

मी एक टोपी बोलतेय, गवताच्या बारीक काडीची, रुंद कडेची. समुद्रापलीकडच्या कुणा साहेबाच्या डोक्यावर बसायला माझा जन्म झाला होता. नशीब बघा, ज्या घरात जन्मले त्याचा उंबराही अजून ओलांडलेला नाही.

आमच्या गल्लीत घरोघरी टोप्या विणतात. काडी भिजवायची, धुरीच्या खोलीत गंधकाच्या धुरावर पांढरी करायची आणि मग लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून विणत बसायचं. विणायचं ते सकाळच्या ओलाव्यात. उन्हं चढली की काडी कडक होते, वाकवली की तडकते. म्हणून दुपारी कुणी ठोकळ्याला हात लावत नाही.

आमच्या घरचा ठोकळा सासूबाईंचा. व्यापारी परदेशी पाठवायचा माल या घरातून उचलायचा तो त्यांच्या नावावर. सून विणकरांच्याच घरातली, पण तिला ठोकळ्याजवळ फिरकायची सोय नव्हती. तिने काडी भिजवायची आणि टोमणे ऐकायचे. "तुझ्या आईने तुला बोटं दिली की लाटणी?" सासूबाई चारचौघींत विचारायच्या, आणि गल्लीतल्या बायका तोंड दाबून हसायच्या.

माझा माथा विणायला घेतला तेव्हाच मला कळलं, सासूबाईंचा हात कापतोय. नजरही अधू झाली होती. एक काडी सोडून जायचं तिथे दोन सुटायच्या, आणि मी वाकडीतिकडी होत चालले होते. त्या जेवून आडव्या झाल्या की सून यायची. सकाळची वीण अलगद उसवायची आणि मांडीवर ओलं फडकं घेऊन पुन्हा विणायची. अशी बोटं मी परत पाहिली नाहीत. दुसऱ्या सकाळी सासूबाई माझ्यावरून हात फिरवून म्हणायच्या, "बघ, अजून कशी लोण्यासारखी वीण पडते." सून मान डोलवायची. घरात दुसरी मिळकत नव्हती हे खरं, पण म्हातारीचा मान राहावा असंही तिला मनापासून वाटायचं.

व्यापारी आला. बायका जमल्या. त्याने मला खिडकीशी नेऊन उजेडासमोर धरलं.

"मावशी, वीण अशी की दृष्ट लागावी. पण ही उसवून परत विणलीय, तीही उन्हं चढल्यावर. काड्या तडकल्यात बघा. बोटीत दबली की तुकडे पडतील. ही नाही घेता यायची मला."

"माझी वीण कोण उसवणार?" सासूबाई म्हणाल्या आणि सुनेकडे वळल्या. "तू?"

"हो."

"का?"

तुमचा हात कापतो, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण इतक्या जणींसमोर ते तिच्या तोंडून निघेना.

"जळते मेली माझ्यावर," सासूबाई म्हणाल्या. "उद्यापासून धुरीच्या खोलीत बस. भिजवणंसुद्धा नको तुझ्याकडून." सुनेचा नवरा दारात उभा होता. तो आपली नखं बघत राहिला.

मला खुंटीवर टांगलं. तिथून ठोकळा दिसायचा आणि धुरीच्या खोलीचं दारही. सासूबाईंनी दुसरी टोपी विणायला घेतली. बोटाला गाठी लागल्या की म्हणायच्या, "यंदाची काडीच भिकार." सून खोकत जाता-येता त्या टोपीवर नजर टाकायची. सुरुवातीला थबकायची, पुढे थबकेनाशी झाली. टोपी एका अंगाला कलत गेली आणि तिने ती कलू दिली. गल्लीतल्या बायकांनाही दिसत होतं. त्या मजा बघत होत्या.

व्यापारी पुन्हा आला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "मावशी, हिच्यात कोंबडी बसवा. अंडी तरी मिळतील." या वेळी बायकांनी तोंड दाबलं नाही. परदेशी माल शेजारच्या घरी विणायला गेला.

सासूबाई बराच वेळ त्या टोपीवरून बोट फिरवत बसल्या. मग मला खुंटीवरून काढलं आणि माझ्यावरून फिरवलं. सारा जन्म विणण्यात गेलेला, कळायचं ते कळलं. मला हातात घेऊन तशाच त्या धुरीच्या खोलीच्या दारात गेल्या.

"या वेळी का नाही उसवलीस?"

"तुम्ही मला इथे बसवलं होतंत, आई," सून म्हणाली. धुराने तिचा आवाज पार बसला होता.

सासूबाईंनी चौकट धरली. "उद्यापासून ठोकळा तुझा."

सुनेने हात पुढे केले. गंधकाने बोटांची सालं निघाली होती, पेरं भेगाळली होती. तिने माझ्या कडेवरून एक बोट फिरवलं तर कातडी काडीत अडकली. "आता काय उपयोग?" ती म्हणाली, आणि वळून शेजारच्या घरची, मजुरीवर आलेली काडी धुरीला लावू लागली.

आता सासूबाई मला डोक्यावरून उतरवत नाहीत. घरातल्या घरात, कड डोळ्यांवर ओढून रिकाम्या ठोकळ्यासमोर बसतात. कड जागोजाग तुटायला लागली आहे, व्यापारी म्हणाला होता तशी. माझं एकच मागणं आहे. मला चुलीत घाला, माझ्यात कोंबडी बसवा, काय वाटेल ते करा. फक्त उजेडासमोर धरू नका. सुनेच्या त्या दुपारी माझ्यात अजून दिसतात.