सोमनाथचा नवा हात

सोमनाथचं मनगट दुखून आखडलं आणि डॉक्टरांनी बजावलं, "ठोकाठोकी बंद!" आता हॅम रेडिओवर, म्हणजे घरच्या हौशी बिनतारी सेटवर, मोर्सची तारभाषा ठोकणाऱ्याला असं सांगणं म्हणजे भजनीबुवांना टाळ खाली ठेवायला सांगणं. रोज सकाळी इगतपुरीच्या चिमाजीअण्णांशी कडकट्ट करून गप्पा झाल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. अण्णा रेल्वेतले निवृत्त तारमास्तर. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं की आवाज ऐकला नव्हता. ओळख काय ती ठोकणाऱ्या हाताची, त्याच्या लकबीची.

पण गडी हटणारा नव्हता. करवतीचं जुनं पातं लाकडावर बसवून त्यानं मोर्स ठोकायची आडवी चावी केली. खाली दाबायची भानगडच नाही. डावीकडे ढकला, वाजते, उजवीकडे ढकला, तरी वाजते. दार लावून सराव सुरू झाला.

"पत्र्यावर मांजरं भांडल्यासारखं वाजतंय हो," बायको आशा म्हणाली.

तरी एका सकाळी त्यानं मोठ्या हौसेनं अण्णांना हाक दिली. उत्तर तडकाफडकी आलं: "कोण रे तू? सोमनाथचा हात मी झोपेत ओळखतो. सेटवरचं त्याचं नाव, त्याचा कॉलसाइन लावायला लाज नाय वाटत?" आणि अण्णांनी सेट बंद केला.

सोमनाथचं तोंड एवढंसं झालं. दुसऱ्या दिवशीही हाक दिली, पण तिकडून चकार शब्द नाही.

"फोन करा की," आशा म्हणाली.

"करून काय सांगू? माझा आवाज कुठे ओळखतात ते! इतक्या वर्षांचा दोस्त गेला गं माझा."

त्याच दुपारी हातात पत्त्याचा कागद घेऊन दाराशी एक टोपीवाला म्हातारा उभा. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण आशाच्या कपाळावरचं कुंकू बघून तो गडबडला. "सोमनाथ... हाय?"

"आहेत की. जेवतायत."

म्हाताऱ्यानं पायरीवरच बसकण मारली. खरकट्या हातानं सोमनाथ बाहेर धावला.

"मेल्या, जिता हायस होय!" अण्णा कडाडले. "सेटवर परका हात ऐकला. पहिल्यांदा वाटलं, चोर. मग वाटलं, तू गेलास आन् बायकोनं सेट विकला. दोन दिवस घास उतरला नाय माझ्या घशाखाली!" आणि त्यांनी टोपीनंच डोळे पुसले.

जेवणं झाल्यावर सोमनाथनं मनगटाची कथा सांगितली, तेव्हा अण्णांनी आडवी चावी ढकलून पाहिली. नुसता खडखडाट! तिघंही पोट धरून हसले.

"लय वाईट हात हाय हा तुझा नवा," अण्णा म्हणाले.

सोमनाथनं भीतभीत विचारलं, "मग बोलणार नाही माझ्याशी?"

"तुझ्याशी नाय बोललो तर बोलू कुणाशी? उद्या सकाळी हाक दे. जरा सावकाश ठोक, म्हणजे ह्या हाताशी पण ओळख होईल माझी."