नवातून वजा

डब्यावर एक सात इंची टच स्क्रीन होती, आवाज कमी-जास्त करायचं एक गोल बटण होतं आणि मागच्या बाजूला पाच भोकं होती : एक विजेचं, एक कीबोर्डच्या वायरचं, दोन स्पीकरची आणि एक कशाचंच नाही. खाली चार रबरी पाय, त्यांतला एक दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्राचा. झाकणाला जागा सहा स्क्रूंची, स्क्रू पाच. स्क्रीनवर दोन ओळींत आठ चौकटी. वर पियानो, ऑर्गन, व्हायोलिन, बासरी; खाली ट्रम्पेट, घंटा, वारा, ढोल.

डबा काकाने केला होता. मुळात तो विजेच्या मीटरचा पत्र्याचा डबा. बाबांचा जुना कीबोर्ड मुका झाला, म्हणजे पट्ट्या चालायच्या पण आवाज येईना, तेव्हा काका म्हणाला, "फेकू नकोस दादा. पट्ट्या तुझ्या, गळा मी देतो." आत त्याने तळहाताएवढा कॉम्प्युटर बसवला.

"लिनक्सवर चालतो," तो आईला सांगत होता. "अख्खा कॉम्प्युटर आहे वहिनी, पण त्याला एकच काम येतं. आवाज काढणं. बाकी काही सांगा, ढिम्म."

"मग घरात दोन झाले की," आई म्हणाली.

बाबा नाट्यगृहात नाटकांना साथ करायचे. रंगमंचाच्या डाव्या बाजूला पडद्याआड त्यांचं स्टूल असे. तिथे सगळे त्यांना मास्तर म्हणत. एका नाटकात ते वीस-पंचवीस वेळा आवाज बदलत. जुन्या कीबोर्डवर त्यासाठी खटके होते. डब्यावर खटके नव्हते, चौकटीवर बोट टेकवायचं. बाबांची बोटं कोरडी. स्क्रीनला कधीकधी ती बोटं वाटतच नसत. म्हणून ते आधी बोटाच्या टोकावर हलकेच फुंकर घालत, चष्मा पुसताना घालतात तशी.

पण डब्यात एक चूक होती. स्क्रीनच्या आतली चपटी वायर दोन बोटं आखूड पडली, म्हणून काकाने स्क्रीन उलटी बसवली आणि त्यावरचं चित्र कॉम्प्युटरमधून अर्धा फेरा फिरवून सरळ केलं. चित्र सरळ दिसलं. स्पर्श मात्र फिरला नाही. लिनक्स या त्याच्या प्रणालीत चित्र दाखवणारा भाग वेगळा आणि बोट कुठे टेकलं ते वाचणारा वेगळा. एकाने तोंड फिरवलं तर दुसऱ्याला ते वेगळं सांगावं लागतं. काका सांगायचा राहिला. त्यामुळे वर डावीकडे बोट टेकवलं की खाली उजवीकडची चौकट पेटायची. पियानोवर बोट ठेवा, ढोल वाजायचा.

"आठवड्यात करून देतो," काका म्हणाला होता.

काकाचा आठवडा आमच्या घरात प्रसिद्ध आहे. आई त्याच्या प्रत्येक कामाला "वरातीमागून घोडं" म्हणायची, त्याच्या तोंडावर. तो हसायचा.

मी तेव्हा भौतिकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होते. मी बाबांना चौकटींवर एक ते आठ आकडे घालून दाखवले. "सोपं आहे. जी हवी तिचा आकडा नवातून वजा करायचा. व्हायोलिन तीन, तर बोट सहावर. म्हणजे घंटेवर."

"वजाबाकी मला शाळेत जमली नाही," बाबा म्हणाले. "आता नाटक चालू असताना करू?"

त्यांनी केली नाही. ते संध्याकाळी जेवणाआधी डबा मांडीवर घेऊन बसायचे आणि नावं पुटपुटत बोट फिरवायचे. महिन्याभरात ते न बघता योग्य जागी बोट टेकवू लागले. मी विचारलं, घंटेच्या चौकटीवर बोट ठेवताना डोक्यात काय असतं, घंटा की सहा की व्हायोलिन? त्यांना प्रश्नच कळला नाही. "व्हायोलिन हवं असतं ना मला," ते म्हणाले, "मग व्हायोलिनच असणार डोक्यात."

त्यानंतर कधीतरी काकाचा फोन आला. "दादा, ते टचचं उद्या येऊन करतो. दोन-तीन ओळींचं काम आहे."

बाबा म्हणाले, "राहू दे."

आता हे "राहू दे" बाबांच्या तोंडून काकाने जन्मभर ऐकलं होतं. लहानपणी दोघांत एक सायकल आली; बाबांनी ती एकदाच चालवली आणि म्हणाले, राहू दे त्याच्याकडे. वरची उजेडाची खोली काकाला, का, तर त्याचा अभ्यास आहे; राहू दे त्याला. दादाला हवं असतं तेव्हाच तो "राहू दे" म्हणतो, हे काका अगदी लहानपणापासून धरून चालला होता. या वेळी बाबांना फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आहे ते तसंच राहू दे.

यंदा नाट्यगृहात नवीन दिग्दर्शिका आल्या. तरुण, शांत, कोणाशी कधी आवाज न चढवणाऱ्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात बाबांना बोलावून सांगितलं, "मास्तर, मला पार्श्वसंगीत रेकॉर्ड करून घ्यायचं आहे. एकदा नीट झालं की कायमचं नीट. पण सगळे म्हणतात, तुमची साथ ऐकल्याशिवाय ठरवू नका. तर या नाटकाची एक पूर्ण तालीम तुमच्या साथीने करू. जमलं तर तुम्ही आहातच. नाही जमलं तर मी माझ्या मनाप्रमाणे करीन. चालेल?"

"चालेल," बाबा म्हणाले. घरी येऊन ते आईला म्हणाले, "बाई सरळ आहे. मला आवडली."

तालमीच्या दिवशी काका आणि मी दोघेही गेलो. काका वायरी बघायला, मी नुसतीच. सकाळी बाबांनी डबा लावून आठही आवाज तपासले. नाट्यगृहाचा ध्वनीवाला, जाडजूड, सतत काहीतरी चघळणारा, त्यांच्या खांद्यावरून बघत होता. दोन मिनिटांनी त्याच्या लक्षात आलं.

"मास्तर, थांबा थांबा. तुम्ही ढोलावर बोट ठेवलंत आणि पियानो वाजला."

"हो," बाबा म्हणाले.

"आणि आता वाऱ्यावर ठेवलंत, तर ऑर्गन!" त्याने बाकीच्यांना हाक मारली. "अहो या, इकडे या! नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. मास्तरांचं अंगणच उलटं! कोणी बनवलाय हा डबा?"

सगळे हसले. बाबाही हसले. "माझ्या भावाने," ते म्हणाले आणि काकाकडे हात केला, कौतुकाने.

ध्वनीवाल्याने काकाला आपादमस्तक पाहिलं. "वा! घरचा कारागीर. चहाच्या किटलीला हाच बसवा हो कोणीतरी, नळ बंद केला की चहा येईल."

काकाचे कान लाल झाले. तो वायरी गुंडाळत बसला. त्या आधीच गुंडाळलेल्या होत्या.

दुपारी सगळे जेवायला बाहेर गेले. काका म्हणाला, त्याला भूक नाही. मी परत आले तेव्हा तो रंगमंचाच्या कडेला बसून पिशवीची चेन लावत होता. पिशवीतून टाइप करायच्या एका लहान कीबोर्डचं टोक दिसत होतं. डब्याची स्क्रीन चालू होती, पियानोची चौकट पेटलेली.

"काय केलंस?"

"घोड्याने शेवटी वरात गाठली," तो म्हणाला. खूप दिवसांनी त्याचा चेहरा असा खुललेला दिसला.

"म्हणजे?"

"कळेल गं. बस दादाच्या स्टुलामागे."

बाबा आले ते थेट तिसऱ्या घंटेला. चहाच्या दुकानात कोणीतरी जुनं भेटलं होतं. त्यांनी स्टुलावर बसून पट्ट्यांवर हात ठेवले आणि दिवे मंद झाले.

पहिला प्रवेश पियानोचा. चौकट आधीपासूनच निवडलेली, त्यामुळे स्क्रीनला हात लावायचं कारण नव्हतं. बाबा छान वाजवत होते. दिग्दर्शिका चौथ्या रांगेत होत्या. माझ्या जागेवरून मला त्यांची मान हळूहळू एका बाजूला कलताना दिसली, ऐकणाऱ्या माणसाची कलते तशी.

दुसऱ्या प्रवेशात आई आजारी मुलाला झोपवते. तिने पांघरूण ओढलं, मुलाने डोळे मिटले. इथे बासरी. बाबांनी बोटावर फुंकर घातली, नजर रंगमंचावरच ठेवून बोट खालच्या ओळीत डावीकडे टेकवलं आणि पट्टी दाबली.

ट्रम्पेट वाजला. भरघोस, लष्करी.

खाटेवरचा मुलगा खरोखर दचकून उठून बसला. मागून कोणीतरी फस्सकन हसलं. बाबांना वाटलं, बोट कोरडं. त्यांनी जास्त जोरात फुंकर घातली आणि त्याच जागी पुन्हा टेकवलं. पुन्हा ट्रम्पेट. मग त्यांनी बोट शर्टाला पुसलं आणि तिसऱ्यांदा त्याच जागी.

"मास्तर, बाळाला भरती करून घ्यायला आलेत का?" ध्वनीवाला अंधारातून म्हणाला. या वेळी सगळे हसले. दिग्दर्शिका हसल्या नाहीत. त्यांनी फक्त "पुढे चला" म्हटलं.

बाबांनी समोरच्या विंगेत पाहिलं. काका तिथे उभा होता, हाताने खुणा करत. तळहात पालथा, मग उताणा. पुन्हा पालथा, पुन्हा उताणा. सरळ केलंय, सरळ! बाबांना कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

मला वाटलं, आता सोपं आहे. जे दिसतं तेच दाबायचं. पाच वर्षांच्या मुलालाही येईल. पुढे वारा हवा होता. बाबांनी वाऱ्याच्या चौकटीकडे टक लावून पाहिलं, हात उचलला आणि हात ऑर्गनवर गेला. त्यांनी तो मागे घेतला, वाऱ्यावर नेला. वारा आला, पण दरवाजा उघडून बंद झाल्यावर. व्हायोलिनला घंटा वाजली. घंटेला हात पुन्हा जुन्या सवयीने गेला आणि व्हायोलिन वाजलं. प्रत्येक बदलाला एक अडखळ होती, आणि अडखळ येणार म्हणून दोन ओळी आधीपासून पट्ट्यांवरचे हातही आखडत होते. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं म्हणतात. तो त्यांच्या बोटांतला पीळ मी समोर बघत होते.

मध्यंतराच्या आधीच्या काळोखात काका वाकून त्यांच्याजवळ गेला. "दादा, बंद करून चालू कर, मी त्या ओळी काढून टाकतो. चाळीस सेकंद लागतील."

"हात लावू नकोस," बाबा म्हणाले.

"अरे पण..."

"म्हटलं ना. हात लावू नकोस."

नाटक संपलं. दिग्दर्शिका स्वतः उठून त्यांच्या स्टुलाजवळ आल्या, तेही मला आवडलं नाही. लांबून बोलल्या असत्या तर राग धरता आला असता. "मास्तर, पहिल्या प्रवेशातला पियानो मला रेकॉर्डिंगमध्ये हवा आहे. तुम्हीच वाजवून द्या. पण रोजची साथ... तुम्हीही पाहिलंत."

"पाहिलं," बाबा म्हणाले.

"डब्यात बिघाड झाला होता का?"

काका पुढे आला. त्याने तोंड उघडलं. बाबा त्याच्याआधी बोलले. "नाही बाई. डबा आज पहिल्यांदाच बरोबर होता."

परतताना बसमध्ये डबा माझ्या मांडीवर होता. कंडक्टर तिकिटं देऊन पुढे गेला. मग काका म्हणाला, "तुला सांगणारच होतो. तू चहाला गेलास."

"तुला राहू दे म्हटलं होतं."

"ते तू नेहमीच म्हणतोस, दादा! सायकललाही म्हणाला होतास. मला वाटलं, तुला हवंय आणि तू..."

"सायकल मला नकोच होती," बाबा म्हणाले. "मला तोल सांभाळता यायचा नाही."

काकाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि त्याच्या घराच्या दोन थांबे आधीच उतरला.

घरी आईने दारातच विचारलं, "काय झालं?"

"तुझ्या भावजींनी काम करून दिलं," बाबा म्हणाले. "वेळेवर." आणि हातपाय धुवायला गेले.

डबा तेव्हापासून कपाटावर आहे. पियानोचं रेकॉर्डिंग बाबांनी नाट्यगृहाच्या कीबोर्डवर करून दिलं, एका बैठकीत. काका आला नाही. पंधरवड्याने त्याचा मला फोन आला.

"एक काम करशील? तो डबा काढून बघ. त्या ओळींतले आकडे मी घाईत टाकले होते. कदाचित सरळ करताना थोडं इकडेतिकडे झालं असेल, एखादी चौकट सरकली असेल. म्हणजे मग दादाचा दोष नाही, माझा आहे. तू शिकलेली आहेस, नीट मोजून सांग."

बाबा बाहेर गेले होते. मी डबा खाली काढला, स्क्रीन पुसली आणि चाळीस सेकंद थांबले. मग स्क्रीनभर पंचवीस ठिपके काढले, पाच ओळींत पाच, चारही कोपरे धरून. प्रत्येक ठिपक्यावर चार वेळा बोट टेकवलं आणि बोट कुठे आहे असं डबा सांगतो ते दर वेळी लिहून घेतलं. शंभर स्पर्श झाले.

एक चौकट जवळजवळ चार सेंटिमीटर रुंद. सरासरी फरक एक मिलिमीटर. सगळ्यांत मोठा फरक, खालच्या उजव्या कोपऱ्यात, दोन मिलिमीटर.